मॉर्फिनच्या चिठ्ठीवर दुसरी नजर हवी

कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मॉर्फिन हा मोठा आधार आहे. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णालयांना ते मिळवण्याची वाट काहीशी सोपी झाली. पण औषध मिळणे वेगळे आणि ते सुरक्षितपणे घेतले जाणे वेगळे. रुग्ण आधीपासून झोपेची गोळी घेत असेल, तर दोन्हींच्या एकत्रित परिणामाने श्वास मंदावू शकतो. मूत्रपिंडे अशक्त असतील, तर मॉर्फिनपासून तयार होणारे घटक शरीरात साठतात. बद्धकोष्ठता तर बहुतेकांना होते. तिच्यावरचे औषध सुरुवातीपासूनच द्यावे लागते. ओपीडीच्या गर्दीत यातले काही डॉक्टरांच्या नजरेतून निसटू शकते.

म्हणूनच वेदनानिवारण केंद्रांत फार्मासिस्टचे काम खिडकीमागे गोळ्या मोजण्यापुरते ठेवता कामा नये. रुग्णाच्या सगळ्या औषधांची पिशवी त्यांनी तपासावी, मात्रा पडताळावी, शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. गोळ्या कुलपात ठेवण्याचे आणि उरलेल्या परत करण्याचे महत्त्व नातेवाइकांना समजावावे. व्यसनाच्या धास्तीने गरजू रुग्णाला औषध नाकारणे हा उपाय नव्हे. तपासणी चोख असेल, तर डॉक्टरही आवश्यक तेवढे मॉर्फिन निर्धास्तपणे लिहून देतील.