प्रकल्प कोणाचा? मुलीचा की दुकानदाराचा?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, की आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत एक वेगळीच गर्दी दिसू लागते. थर्माकोल, रंगीत कागद, इंजेक्शनच्या सिरिंजा, छोट्या मोटारी, वायरींची भेंडोळी. आणि गंमत म्हणजे या गर्दीत मुलं कमी, आयाच जास्त! "भाऊ, नववीला चालेल असं विज्ञानाचं काही आहे का?" दुकानदारही आता सरावलेला असतो. "ज्वालामुखी आहे, पवनचक्की आहे, सिरिंजचा जेसीबी आहे. फाईलसकट देऊ का?"

फाईलसकट म्हणजे अहवालासकट. प्रस्तावना, उद्दिष्टे, साहित्य, कृती, निष्कर्ष, शेवटी मुख्याध्यापकांचे आभार. सगळं टाइप केलेलं, नावाची जागा तेवढी रिकामी. आता तर दुकानापर्यंत जायचीही गरज राहिलेली नाही. मोबाईलला नुसतं विषयाचं नाव सांगितलं, की तो दहा पानांचा शोधनिबंध दोन मिनिटांत लिहून देतो.

मैत्रिणींनो, यात आयांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. शाळेतून निरोप आज येतो आणि प्रकल्प परवा हवा असतो. घरचं आवरायचं, शेतात जायचं, कुणाला मशीनवर ब्लाऊज शिवून द्यायचे. त्यात हे नवं लचांड. शिक्षकांच्या मागेही जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत कामांचा ससेमिरा लागलेलाच असतो. सगळ्यांचीच सुटका त्या फाईलमध्ये असते. पण त्यातून मुलगी काय शिकते? निष्कर्ष आधी लिहिलेला असतो आणि प्रयोग नंतर करायचा असतो (केलाच तर!), हे ती शिकते. माझं भांडण आहे ते याच्याशी.

बचत गटाच्या कामानिमित्त मी जालना जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत फिरते. एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पावसाचं पाणी साठवण्याचं सुरेख मॉडेल मांडलेलं होतं. थर्माकोलचं घर, निळ्या कागदाची टाकी, पाईपला चमकी. मी त्या मुलीला सहज विचारलं, "तुमच्या घराच्या पत्र्यावर एका पावसात किती पाणी पडतं गं?" ती गोंधळून मैत्रिणीकडे बघायला लागली. फाईलमध्ये ते नव्हतं.

वास्तविक ते काढणं दुकानातून थर्माकोल आणण्याहून सोपं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा बाय दहा फुटांची पत्र्याची खोली म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला, तर त्या एका खोलीवरून सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी वाहून जातं. थोडं वाया गेलं असं धरलं तरी आपला निळा ड्रम भरतो. आपल्या जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर धरा, म्हणजे त्या खोलीवर वर्षाला सहा हजार लिटर! पाऊस मोजायला सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरते. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपण केलं. त्या मातीतल्या मुलीला आपल्या पत्र्यावरचं पाणी मोजता आलं नाही, आणि तिच्या टेबलावर मात्र बक्षिसाची चिठ्ठी लागली. याचं मला वाईट वाटलं.

उलट, अंबडकडच्या एका वस्तीवरच्या दोघी मुलींचा प्रकल्प मला फार आवडला. त्याला बक्षीस नव्हतं. विषय असा, की बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर का शिजत नाही? आपण बायका हे रोज अनुभवतो. "बोअरच्या पाण्यात डाळ शिजंना गेली," म्हणून वरणापुरतं जारचं पाणी बाजूला ठेवतो, नाही तर चिमूटभर सोडा टाकतो. पण खरंच तसं आहे का, की आपली समजूत आहे? या मुलींनी तीन पाणी घेतली. बोअरचं, टँकरचं आणि जारचं.

आता खरी शास्त्राची गोष्ट सुरू होते. डाळ एकाच पोत्यातली हवी, कारण जुनी डाळ तशीही उशिरा शिजते. वजन सारखं, पाणी सारखं, भिजवण्याचा वेळ सारखा, पातेलं तेच आणि गॅसची आचही तीच. बदलायचं फक्त पाणी. नाही तर डाळ कशामुळे मागे राहिली ते कळणार कसं? कुकर नको, कारण झाकणाआड काही दिसत नाही. आणि एकदा करून भागत नाही. तीन-तीनदा करायचं.

शिजली हे ठरवायचं कुणी? इथे त्या पोरींनी डोकं लढवलं. त्यांच्यातल्या एकीची आजी दोन बोटांत डाळ चिमटून सांगते, शिजली का कच्ची ते. पण आजीला जर कळलं की ही बोअरच्या पाण्यातली, तर ती आधीच म्हणणार, "कच्चीच असंल ही!" म्हणून त्यांनी वाट्यांना खालून खुणा केल्या आणि कुठली वाटी कुठल्या पाण्याची ते आजीला सांगितलंच नाही. आजी वैतागली. "मला परीक्षेला बसवता का गं?" म्हणाली. पण बसली.

मोठमोठ्या औषधांच्या चाचण्याही याच रीतीने होतात, हे त्या मुलींना ठाऊक नव्हतं. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने १९९६ मध्ये चौथीच्या विज्ञान प्रकल्पासाठी असंच केलं होतं. स्पर्श न करता नुसत्या हातांनी माणसाच्या शरीराभोवतीची ऊर्जा जाणवते आणि तिच्यावर उपचार करता येतात, असं सांगणारे लोक तिथे होते, आणि दवाखान्यांतही हा उपचार चालत असे. एमिलीने पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. पलीकडे बसलेल्या उपचारकाने खालच्या भोकांतून दोन्ही हात पुढे ठेवायचे. ही नाणं उडवून ठरवणार आणि आपला हात त्यांच्या उजव्या किंवा डाव्या हातावर धरणार. कुठल्या हाताजवळ आहे, एवढंच त्यांनी ओळखायचं. २१ जणांनी मिळून २८० वेळा प्रयत्न केला, बरोबर आले १२३. म्हणजे नुसतं अंदाजाने सांगितलं असतं तरी निम्मे आले असते, हे त्याहूनही कमी! एप्रिल १९९८ मध्ये तो निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. तिची आई नर्स. निबंधावर आईचंही नाव आहे, पण कल्पना आणि प्रयोग मुलीचा. आईने मदत करायची ती कशी, हे मला त्यातून कळतं. मोठ्यांनी लिहायला हातभार लावला, हात पुठ्ठ्यावर धरला तो मुलीनेच.

आपल्या मुलींची डाळ सहा दिवस शिजत होती. बोअरच्या पाण्यातली तिन्ही वेळा मागे राहिली. कारणही त्यांनी सरांना विचारून घेतलं. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं, ते शिजताना विरघळावं लागतं. कॅल्शियम त्याला घट्ट करून टाकतं, मग डाळ फुटत नाही. सोड्याने ती मऊ होते हे खरं, पण त्यात ब गटातलं थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून सोड्याचा हात आखडताच बरा. पाण्याचा जडपणा बघायला त्यांनी तीन सारख्या बाटल्यांत साबणाचे मोजके थेंब टाकून हलवलं. बोअरच्या बाटलीत फेस जेमतेम.

पण टँकरच्या पाण्याने घोळ घातला. एकदा त्यातली डाळ जारच्या पाण्यासारखी पटकन शिजली, एकदा पार बोअरच्या पंगतीला जाऊन बसली. कुणीतरी मोठ्या माणसाने सल्ला दिला, "ती एक नोंद काढून टाका. अहवाल छान दिसेल."

मैत्रिणींनो, सगळा प्रश्न इथे आहे. छान दिसण्यासाठी नोंद खोडायची, हे चौदाव्या वर्षी शिकलेली मुलगी पुढे नर्स झाली, ग्रामसेविका झाली, अंगणवाडीत मुलांची वजनं लिहायला लागली, तर तिथे काय करील? कुपोषित बाळाचं वजन कागदावर वाढलेलं दिसलं, की त्याला जे मिळायचं ते मिळत नाही. त्या मुलींनी नोंद ठेवली. निष्कर्षात सरळ लिहिलं, की टँकरच्या पाण्याबद्दल आम्हाला नक्की सांगता येत नाही. प्रदर्शनातल्या परीक्षकांना ते अपुरं वाटलं असावं. मला मात्र अख्ख्या अहवालात तेच वाक्य सगळ्यात जास्त वजनाचं वाटलं.

आता थोडं लिहिण्याबद्दल. शोधनिबंध म्हटलं की मुली घाबरतात आणि पुस्तकी मराठीत शिरतात. 'सदर प्रकल्पाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की' वगैरे. काय गरज आहे? आम्हाला काय प्रश्न पडला, आमचा अंदाज काय होता, आम्ही काय केलं, काय दिसलं, कशावरून काय वाटतं आणि काय कळलं नाही. झाला निबंध. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन या गावच्या शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी भुंग्यांसारख्या मधमाश्यांवर प्रयोग केले. रंग आणि रंगांची मांडणी बघून त्या फुलं निवडायला शिकतात, असं त्यांना दिसलं. २०१० मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या नामवंत नियतकालिकाने तो निबंध छापला, तोही मुलांच्या शब्दांत आणि रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसकट. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९९३ मध्ये राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू केली, ती १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. तिथे आपल्या परिसरातलाच प्रश्न घ्यायचा असतो आणि अहवाल मातृभाषेत चालतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहायचं कारण नाही.

पानांचंही असंच. जाडजूड फाईल बघून गुण मिळतात, असा आपल्याकडे एक समज आहे. दुर्गाबाई भागवत आपल्याला ठाऊक आहेत, त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. तिथे त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. म्हणजे डाळ हा काही कमीपणाचा विषय नव्हे! पुढे केंब्रिजमधून १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, आणि तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता.

आईने काय करायचं, असं मला बायका विचारतात. विज्ञान आपल्याला येत नाही, मी स्वतः बी.ए., मराठी आणि इतिहासवाली. पण स्वयंपाकघर आपल्या ताब्यात आहे. दही कशात लवकर लागतं, पिठाला कीड कुठल्या डब्यात आधी लागते, माठ कुठे ठेवला की पाणी जास्त गार होतं, हे प्रश्न दुकानात मिळत नाहीत. गॅस महाग आहे हे खरं, मग चुलीवर करा, पण तीच चूल आणि तेवढंच सरपण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ द्या. मुलगा वायरी घेऊन बसला की "तो प्रयोग करतोय" म्हणून घर हळू बोलतं. मुलगी घड्याळ लावून डाळीपुढे बसली की "बसलीच आहेस तर दोन पोळ्या लाटून घे". पोळ्या लाटायला गेली की नोंद चुकते. आठ दिवस तिच्या वाटणीचं पाणी भरणं, भांडी घासणं भावाकडे देऊन बघा.

कच्ची वहीही जपून ठेवा. डाग पडलेली, खाडाखोड झालेली, वेळा लिहिलेली वही. पक्की फाईल कुणीही करून देतं. परीक्षकांनी विचारलं, तर कच्ची वही पुढे करायला मुलीला सांगा.

त्या दोघी मुलींची वही अजून चालूच आहे. टँकरचं पाणी दोन दिवशी दोन तऱ्हांनी का वागलं, याचा अंदाज त्यांनी बांधला आहे. तो दर वेळी एकाच विहिरीवर भरत नसावा. आता टँकर आला की त्या तारीख लिहितात, बाटलीभर पाणी घेतात, साबणाचा फेस बघतात, आणि चालकाला विचारतात, "काका, आज कुठून भरला?" काका अजून तरी नीट सांगायला तयार नाहीत.