आधी घरातल्या मांजरीला विचारा

जून लागला की बेळगावात पावसाबरोबर मांजराची पिल्लंही दिसू लागतात. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या गॅरेजमध्ये, कॉलेजच्या पार्किंगमध्ये. मग वर्गाच्या ग्रुपवर फोटो पडतो, खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागते आणि अर्ध्या तासात कुणीतरी लिहितं, 'मी नेतो.'

या 'मी नेतो'चं मला कौतुक आहे आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. नेणाऱ्याला एकच काळजी असते, आई हो म्हणेल का? आई कुरकुर करते आणि हो म्हणते. पण त्या घरात आधीपासून असलेली मांजर, कुत्रा यांना विचारतंच कोण?

मांजर आपलं घर वासावरून ओळखते. खुर्चीच्या पायाला, दाराच्या कडेला गाल घासते ती आपला वास ठेवण्यासाठी. तिथे एका संध्याकाळी परका वास थेट हॉलमध्ये आला, की ती फिस्कारते, कपाटावर चढून बसते, अंथरुणावर मुतते, जेवण सोडते. आपण हसून म्हणतो, 'जळतेय बघ.' पण मोठी मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. शेवटी घरचे वैतागतात आणि पिल्लू जिथून आणलं तिथेच परत जातं. एकदा टाकलेला जीव दुसऱ्यांदा टाकला जातो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण चर्चमध्ये लहानपणापासून ऐकतो. लक्षात राहते ती धाकट्याला मारलेली मिठी. पण थोरला रागाने बाहेर थांबतो, तेव्हा बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर जातो. घरातली जुनी मांजर म्हणजे तो थोरला. तिच्यासाठीही कुणीतरी बाहेर जायला हवं.

बाहेर जायचं म्हणजे काय? पिल्लू आधी डॉक्टरकडे, मग दोन आठवडे बंद खोलीत. रस्त्यावरचं पिल्लू जंत, पिसवा, गजकर्ण घेऊन येऊ शकतं. पॅनल्युकोपेनियासारखा रोग असला तर उलट्या-जुलाबांनी पिल्लं काही दिवसांत दगावतात आणि त्याचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. जुन्या मांजरीची लस राहिली असेल तर तीही आत्ताच घ्या. या दिवसांत दोघांची फडकी अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवा. मग दार बोटभर उघडा. कुत्रा असेल तर पहिली भेट पट्टा बांधूनच. आणि गाईचं दूध नको, त्याने बऱ्याच पिल्लांना हगवण लागते.

कुणी म्हणेल, दोन खोल्यांच्या घरात ही वेगळी खोली आणायची कुठून? तोवर पिल्लू पावसात मरायचं काय? प्रश्न खरा आहे. बाथरूम चालतं, व्हरांड्यातला मोठा पिंजरा चालतो, घरात जनावर नसलेला मित्र तर सगळ्यात बरा. यातलं काहीच जमत नसेल तर 'मी नेतो'ऐवजी 'मी डॉक्टरकडे नेतो', 'खाण्याचा खर्च माझा', 'मी घर शोधते' असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि आपल्या घरच्या मांजरीचं ऑपरेशन करून घ्या. ती चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. जिन्याखालची ती पिल्लं सगळी रस्त्यावरच्या मांजरींची नसतात. काही आपल्याच घरातून खाली उतरलेली असतात.