मोठे इंजिन, मोठा हिशेब

दसऱ्याच्या सकाळी बारामतीच्या बाजारपेठेत पेढ्यांपुढे वाहनांची रांग लागते. वही, काटा आणि तिजोरी यांना कुंकू लागले की मोटारीच्या बॉनेटवर स्वस्तिक उमटते आणि पुढे झेंडूची माळ चढते. नवी गाडी कितीही झुळझुळीत असली, तरी अशा वेळी घरातील एखाद्या वडीलधाऱ्याला जुनी गाडी आठवतेच. कोणी डॉजचे नाव घेतो, कोणी प्लिमथचे, तर कोणी डिसोटोचे. मग नातवंडांना सांगितले जाते की, खरी गाडी तीच; आताची ही सारी खेळणी!

त्या आठवणीत अतिशयोक्ती असेल, परंतु असत्य नाही. त्या गाड्यांच्या लांबलचक बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर असत आणि इंजिनाची क्षमता साडेतीन लिटरांच्या पुढे असे. इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असत. त्यामुळे ते वेगाने फिरण्यास फारसे उत्सुक नसे. मात्र कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देई. पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव असे बारामतीस परतताना दिवे घाट लागतो. संपूर्ण कुटुंब, लग्नाचा बस्ता आणि टपावरची वळकटी घेऊन ती गाडी तो घाट चढे, तेव्हा इंजिनाचा आवाज चढत नसे, केवळ खोल होत असे. ज्यांनी तो ऐकला, त्यांच्या कानांत तो आजही आहे.

तथापि व्यापाऱ्याच्या घरात आठवणीचीही खतावणी मांडली पाहिजे. जमेच्या बाजूला काय आणि नावे काय, हे पाहिल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही.

पहिली नोंद बारामतीपासून तासाभराच्या आत सापडते. इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ वालचंदनगर वसले आहे. ज्यांच्या नावाने ते वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही नावे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची. परंतु स्वातंत्र्यानंतर आपल्या रस्त्यांवर आलेल्या अशा कितीतरी गाड्या मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या होत्या. ज्या गाडीची आठवण आपण ‘अमेरिकन’ म्हणून काढतो, तिचा एक धागा असा इंदापूरच्या मातीशी जुळतो.

वालचंदशेठ यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलोपार्जित पेढी सांभाळणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र लक्ष्मणराव फाटक यांच्यासह रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. पुढे १९१९ मध्ये सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून विलायतेस निघाली, तेव्हा त्या उपक्रमामागे तेच होते. ती बोट ५ एप्रिलला निघाली, म्हणून तो दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही आपल्या देशात तयार झाली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता.

मोटारीच्या बाबतीत तो ध्यास सहजी फळास आला नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंदशेठ यांनी ती उचलून धरली आणि क्रायस्लरशी बोलणी केली. परंतु महायुद्ध सुरू झाले आणि तत्कालीन परकीय सरकारने या उद्योगास साहाय्य देण्याचे नाकारले. त्याच धडपडीतून अमेरिकेच्या प्रवासात विमाननिर्मितीची संधी हाती आली आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीस मात्र आणखी काही वर्षे थांबावे लागले. कुर्ल्यातून पहिली वाहने बाहेर पडली ती १९४७ मध्ये.

येथे ताळेबंदातील नाजूक नोंद येते. ती मोठी गाडी आपल्या कारखान्यातून निघत होती, हे खरे. पण ती कितपत आपली होती? आरंभी सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि येथे त्यांची जुळणी होई. ज्या इंजिनाच्या आवाजाने मन भरून येते, ते तयार झाले होते परदेशी कामगारांच्या हातून. जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे वालचंदशेठ जाणून होते. वालचंदनगरमध्ये साखर कारखान्याच्या जोडीला यंत्रे घडविण्याचे काम सुरू झाले, ते याच जाणिवेतून. साखर विकून नफा मिळतो. साखरेचे यंत्र घडविता आले, तर पुढच्या पिढीच्या हाती विद्या येते.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांच्याकडे देशातच निर्मिती करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच मोटार उद्योगात राहू द्यावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जुळणीचे काम आवरते घेतले. प्रीमियर टिकली, परंतु मोठ्या अमेरिकन गाडीच्या नव्हे, तर इटलीच्या लहानग्या फियाटच्या आधारे. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी वालचंदशेठ यांचे निधन झाले. आपल्या कारखान्याची लहान गाडी घरोघर पोहोचलेली त्यांना पाहता आली नाही.

त्या फियाटचे इंजिन १,०८९ सीसीचे, म्हणजे प्लिमथच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तिच्याविषयी ज्येष्ठ मंडळी अभिमानाने बोलत नाहीत, जिव्हाळ्याने बोलतात. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९५९ च्या नियंत्रण आदेशानंतर मोटारींचे वाटपही सरकारी नियमांनी बांधले गेले. पुढे १९७० च्या दशकात तिचे नाव प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘पद्मिनी’ झाले. एव्हाना तिचे सुटे भाग येथेच घडत होते आणि तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही झाडाखाली तिचे इंजिन उतरवून पुन्हा बसवू शकत होता. मोठे इंजिन उसने होते. लहान इंजिन आपले झाले.

खर्चाचा आकडाही पाहावा. बारामती ते पुणे सुमारे शंभर किलोमीटर. मोठी गाडी लिटरला सहा किलोमीटर चालते असे धरले, तर एका फेरीस सोळा-सतरा लिटर पेट्रोल लागे. फियाट लिटरला बारा चालते असे धरले, तर आठ-साडेआठ लिटरांत काम भागे. १९७३ च्या तेलसंकटाने हा फरक कोणत्याही पेढीला परवडेनासा केला. मग कित्येक डॉज आणि प्लिमथ गाड्यांचे मूळ इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसविण्यात आले आणि त्या भाड्याने धावू लागल्या. बाहेरून ऐट तीच, आत हृदय निराळे.

नावेची बाजूही लपविता कामा नये. स्पर्धा नव्हती, म्हणून तीच गाडी किरकोळ फरकाने दशकानुदशके विकली गेली. ग्राहक वाट पाहत होता, तोवर सुधारणेची निकड कोणास भासली नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि चित्र पालटले. पद्मिनीची निर्मिती शतकाच्या अखेरीस थांबली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. ज्या पेढीला आपल्या गिऱ्हाइकाची खात्रीच वाटू लागते, तिने हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आज बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात पियाजिओचा कारखाना आहे. तेथून बाहेर पडणारी तीनचाकी डौलदार नाही. तिच्या साध्या डिझेल रूपात अवघा एक सिलिंडर असतो. परंतु याच गाडीवर मंडईची भाजी, दुधाचे कॅन आणि किराण्याची पोती गावोगाव जातात आणि हजारो घरांचे हप्ते फिटतात. तिच्यासाठी कोणी उसासा टाकणार नाही. तरीही मोटार येथील हातांनी घडावी, हा वालचंदशेठ यांचा आग्रह तिच्यात अधिक उतरला आहे.

याचा अर्थ जुन्या गाडीवर प्रेम करू नये, असा नव्हे. आपल्या परंपरेत परिग्रह म्हणजे केवळ वस्तू बाळगणे नव्हे, तर तिच्यात मन अडकणे. डॉजच्या चकाकत्या पितळी-पोलादी रूपात मन अडकले, तर ती आसक्ती झाली. ती गाडी देशात घडावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले आणि ज्या मिस्त्रींनी ती चालती ठेवली, त्यांचे स्मरण झाले, तर ती कृतज्ञता झाली.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक, पेट्रोलच्या पावत्या किंवा बॉनेटला टेकून काढलेले कृष्णधवल छायाचित्र पडून असेल, त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी काढावे आणि गाडी कधी घेतली, कितीस विकली, कोण चालवीत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवावे. आणि एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन वालचंदनगरच्या रस्त्याने जावे. गाडी लहान असली तरी चालेल. दाखवायचे आहे ते गाडीपेक्षा मोठे आहे.