हरणारा हवा होता!

हुकूमशाहीतील निवडणुका म्हणजे निव्वळ फार्स, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. मला हे तितकेसे पटत नाही. पोलीस, तिजोरी आणि वृत्तपत्रे ज्याच्या मुठीत आहेत, तो मते मागायला जातोच कशाला?

मेक्सिकोत १९२९ पासून २००० पर्यंत, नावे बदलत का होईना, एकाच पक्षाचे राज्य होते. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मात्र दर सहा वर्षांनी होई. जाणारा अध्यक्ष आपला वारस बोटाने दाखवी, आणि तो वारस प्रचारासाठी देशभर हिंडे. हा खटाटोप वाया जात नसे. कोणता पुढारी किती माणसे जमवतो, कोठे सभा ओस पडते, हे त्यातून वरपर्यंत कळे.

१९७६ साली मात्र पंचाईत झाली. मुख्य विरोधी पक्षात उमेदवारावर एकमत होईना. कम्युनिस्टांना मान्यताच नव्हती. मतपत्रिकेवर लोपेझ पोर्तियो हे एकच अधिकृत नाव उरले. ते निवडून आले हे सांगायला नकोच. पण आखाड्यात जोडच नसेल, तर शड्डू ठोकून उपयोग काय? १९७७ मध्ये सरकारने स्वतःच कायदा बदलला. प्रतिनिधिगृहाच्या ४०० पैकी १०० जागा प्रमाणशीर पद्धतीने लहान पक्षांसाठी ठेवल्या. पुढे कम्युनिस्टांनाही निवडणुकीचे दार उघडले. याला उदारपणा म्हणायला मी तयार नाही. त्यांना हरणारा हवा होता.

परंतु हरायला बोलावलेला माणूस हरेलच असे थोडेच आहे? १९८८ साली सत्ताधारी पक्षातूनच फुटलेले क्वाउतेमोक कार्देनास उभे राहिले. मतमोजणीच्या रात्री संगणकाची यंत्रणा बंद पडल्याचे सांगण्यात आले! अखेर सरकारी पक्षाचे सालिनास पन्नास टक्क्यांहून जेमतेम अधिक मतांनी विजयी ठरले. मतपत्रिका पुढे जाळून टाकण्यात आल्या.

ही लबाडी त्यांना पचली, पण फुकट नाही. १९९० मध्ये निराळी निवडणूक संस्था स्थापावी लागली, १९९६ मध्ये ती सरकारच्या हातातून सुटली, १९९७ मध्ये प्रतिनिधिगृहातील बहुमत गेले. हे सारे आपोआप घडले असे कोणी समजू नये. मधल्या वर्षांत कार्देनास यांच्या पक्षाचे अनेक कार्यकर्ते मारले गेले. २ जुलै २००० च्या रात्री सत्ताधारी पक्षाचेच अध्यक्ष सेदियो यांनी दूरदर्शनवर येऊन विरोधी उमेदवार व्हिसेंते फॉक्स यांचा विजय मान्य केला.