डिसेंबरातला दर्या आणि टॉवेलचा झगा

मैत्रिणींनो, थंडी पडली की या सदरात मी फुटलेल्या ओठांवरचे उपाय सांगते, डिंकाचे लाडू सांगते. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. घरातल्या मुलीला भर हिवाळ्यात समुद्रात पोहायला पाठवायचं झालं, तर आईनं, मावशीनं काय काय सांभाळावं? हसू नका! आमच्या कुणकेश्वरला हा प्रश्न माझ्या स्वयंपाकघरातच येऊन बसला होता.

माझ्या बहिणीची लेक शिक्षणासाठी माझ्याकडे असते. अकरावीत आहे. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. पाचशे मीटरपासून दहा किलोमीटरपर्यंत वेगवेगळी अंतरं असतात आणि शाळकरी पोरांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे उतरतात. हिनं पाच किलोमीटरचा हट्ट धरला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "चेडवाक दर्यात कित्याक धाडतास?" खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. पण मुलगी पोहण्यात तयार होती आणि सोबतीला ओळखीचे होडीवाले होते, म्हणून मी हो म्हटलं.

आता पुण्या-नाशिकच्या भगिनी म्हणतील, कोकणात कसली आलीय थंडी? पाण्याला हात लावाल तर कोमटच लागेल. तिथंच आपण फसतो. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. दहा मिनिटं डुंबणाऱ्याला ते कळत नाही, पण दोन तास पोहणाऱ्या सडपातळ मुलीला चांगलंच कळतं. त्यातून पहाटेचा मतलई वारा. हा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. काठालगतचं पाणी त्यामुळं कसं गुळगुळीत, शांत दिसतं, पण पोहणाऱ्याला तो हळूहळू बाहेर लोटत असतो. म्हणून आमचा नियम असा, की पोहायचं ते किनाऱ्याला समांतर, होडी नेहमी समुद्राच्या बाजूला, आणि लाट मोठी दिसली की त्या दिवशी सुट्टी. कुणकेश्वरचा किनारा उघडा आहे. देवळाच्या पायरीवरून तो कितीही देखणा दिसला, तरी एकटीनं उतरण्याजोगा नाही.

खाण्याचं म्हणाल, तर निघण्याआधी तासभर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. पाण्यात दर अर्ध्या तासानं तीच पातळ, कोमट पेज बाटलीतून द्यायची. बाटलीला दोरी बांधून होडीतून सोडली की काम सोपं होतं. काखेत, मानेला आणि पोशाखाच्या शिवणी लागतात तिथं व्हॅसलिन चोळायचं, नाहीतर खाऱ्या पाण्यानं कातडी सोलवटते. केस आधी गोड्या पाण्यानं भिजवून घ्यावेत, म्हणजे खारं पाणी कमी शोषतात. पाळीच्या दिवसांत काय, असंही एकीनं विचारलंय. मुलीला बरं वाटत असेल तर पोहायला हरकत नाही. ते तिला ठरवू द्यावं, आपण नको.

आता माझी चूक सांगते. त्या दिवशी तिला पाण्यात दीड तास झाला होता. होडीवाले म्हणाले, "बाय, चेडू दमला. भायर घेवया." मी म्हटलं, एवढी एकच फेरी राहिलीय, होऊ दे. पोरगीही मान हलवत होती. फेरी झाली, ती बाहेर आली, आणि मी विचारलं, "कसं वाटतंय?" उत्तर यायला केवढा तरी वेळ लागला, आणि आलं तेही बोबडं. ओठ निळे. सदऱ्याचं बटण तिला लावता येईना. माझ्या पोटात गोळा आला. हुडहुडी भरणं ठीक आहे, पण जीभ जड झाली आणि बोटं ऐकेनाशी झाली की समजावं, थंडी आत शिरलीय.

घाबरून मी चुलीवरचं कढत पाणी तिच्या अंगावर ओतायला निघाले होते. होडीवाल्यांनी हात धरला म्हणून बरं. अशा वेळी एकदम कढत पाणी घेतलं तर भोवळ येते. आधी ओले कपडे काढा, अंग टिपा, चोळू नका. वाऱ्याच्या आड बसवा, डोकं आणि छाती पांघरुणात गुंडाळा, शुद्ध नीट असेल तरच कोमट, गोड काहीतरी घोटघोट द्या. बोलणं सुधारलं नाही तर डॉक्टरांकडे न्यायला वेळ लावू नका. आमची अर्ध्या तासात ठीक झाली. आंघोळ नंतर, बसून.

त्या रात्री तिला मी आरती साहांची गोष्ट सांगितली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये त्या इंग्लिश खाडीत उतरल्या. इंग्लंडचा किनारा अवघ्या काही मैलांवर असताना प्रवाह उलटा फिरला आणि सोबतच्या मार्गदर्शक नाविकानं त्यांना थांबायला लावलं. महिनाभरानं, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत पार गेल्या. खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री! वय अवघं एकोणीस. ऐकून ही म्हणाली, "मग मावशी, होडीवाले बाहेर म्हणाले की बाहेर. तू मध्ये बोलायचं नाहीस." मी कबूल केलं. तेव्हापासून बाटली देताना तिला आम्ही काहीबाही विचारतो, आज वार कुठला, रात्री जेवायला काय होतं. उत्तर चटकन आलं नाही तर पोहणं बंद.

आणि हो, टॉवेलचा झगा. दोन मोठे टर्किश टॉवेल एकावर एक ठेवा. वरच्या कडेला मधोमध डोकं जाईल एवढी, साधारण ३० सेंटीमीटर जागा सोडून दोन्ही खांदे शिवा. बाजूला हातांसाठी वीतभर मोकळं ठेवून खाली शिवण घाला. ओल्या अंगावर हा चढवला की वारा लागत नाही आणि आतल्या आत कपडेही बदलता येतात, आडोसा शोधत फिरायला नको. जुने टॉवेल चालतात. आमचा एक हिरवा आहे नि एक गुलाबी, दिसतो भयंकर! पण ती दुसरा शिवू देत नाही.

डिंकाचे लाडू पुढच्या अंकात.