कारभारणीचा विमा

आमच्या निफाड-सिन्नरकडील खेड्यांत विम्याची गोष्ट निघाली की ती पिकाची निघते, गाईची निघते, हल्ली मोटारसायकलीचीही निघते. घरधन्याच्या जिवाची क्वचित निघते. पण कारभारणीच्या जिवाचा विमा उतरा म्हटले, की पारावरची मंडळी हसू लागतात. "ती काय कमावते, गुरुजी?" हा सवाल आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. सवाल करणाऱ्याची बायको त्याच वेळी त्याच्याच रानात ओणवी होऊन कांद्याची लागण करीत असते!

ती काय कमावते, हे शेतकरी बंधूंनी एकदा मांडून तरी पाहावे. कांद्याची लागण, निंदणी, द्राक्षाची विरळणी, गोठा, दूध, चूल, पाणी, पोरे, म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे. येवल्याच्या विणकराच्या घरी कांड्या भरते ती बाईच. विड्या वळून घर चालविणाऱ्या बायका सिन्नरने पिढ्यानुपिढ्या पाहिल्या आहेत. ही सारी कामे मजूर लावून करून घ्यायची तर महिन्याला किती रुपये पडतील? सातबारावर नाव नाही म्हणून तिची कमाई नाही असे म्हणणे, म्हणजे घरात तराजू नाही म्हणून कांद्याला वजनच नाही असे म्हणणे होय.

कोर्टाने हा हिशेब केलेला आहे. 1989 साली जमशेदपुरास एका समारंभात आग लागून अनेक बायकामुले दगावली. त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाचे मोल महिना 3,000 रुपये धरले. तेही हात राखूनच. पारावर मात्र अजून शून्यच धरतात.

आम्ही वीस वर्षे हजेरीपट लिहीत आहो. बाप गेला तर आई पोरांना शाळेत धाडते. स्वतः उपाशी राहील, पण धाडते. आई गेली की थोरली मुलगी पंधरा दिवसांत गैरहजर लागू लागते. 2016 सालची गोष्ट. सातवीतल्या एका मुलीची आई विहिरीवर मोटार चालू करताना विजेच्या धक्क्याने गेली. मुलगी गणितात हुशार. बाप काही वाईट नव्हता. पण दहावे-तेरावे करण्यास त्याने उचल घेतली, घरात दोन लहान भावंडे, आणि मुलगी भाकरी थापायला घरी राहिली. आम्ही दोनदा घरी गेलो. "भाऊ मोठा झाला की येते, गुरुजी," असे ती म्हणाली. भाऊ मोठा झाला तेव्हा ती सासरी नांदत होती.

पुढे कधीतरी त्या घरातले जुने पासबुक आमच्या हाती आले. मयत बाईच्या खात्यातून अपघाती विम्याचे 12 रुपये कापलेले होते! 2 लाखांचा हक्क डब्यात पडून राहिला, कोणी मागितलाच नाही. आम्हालाही त्या वेळी विचारण्याचे सुचले नाही, हे कबूल करतो.

तो 12 रुपयांचा हप्ता 2022 पासून 20 रुपये झाला आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या कोणाही खातेदार बाईस नाव घालता येते. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे कायमचे गेले तर 2 लाख. एक हात, एक पाय वा एका डोळ्याची दृष्टी गेली तर 1 लाख. मजुरीवर पोट असणाऱ्या बाईचा हात गेला म्हणजे मिळकतच गेली, म्हणून हा भाग लहान समजू नये. दुसरी जीवनज्योती योजना. तीत 436 रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख मिळतात. नाव 50 वर्षांपर्यंतच घालता येते, आणि नव्याने नाव घातल्यावर पहिले 30 दिवस अपघाताखेरीज आलेल्या मृत्यूस रक्कम नाही. पंचावन्नाव्या वर्षी हा विमा संपतो. साठीची बाई आमच्याकडे बांधावर असतेच. तिला का वगळले, हे सरकारला विचारले पाहिजे.

खरी मेख मे महिन्यात आहे. विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते, म्हणून पैसे मे अखेरीस कापतात. नेमके तेव्हाच बी-बियाण्यासाठी खाते झाडून रिकामे केलेले असते. हप्ता कापला गेला नाही की विमा बंद, आणि घरात कोणास पत्ता नाही! तेवढे 456 रुपये खात्यात राहू द्यावेत.

नवऱ्याने स्वतःचा मोठा विमा उतरविला तर तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे करावा. मग सावकार वा भाऊबंद यांस त्या रकमेवर सहसा हात टाकता येत नाही. मात्र तो कागद विमा घेतानाच भरावा लागतो. एजंट तो आपण होऊन काढीलच असे नाही, आपणच मागावा.

काही आयाबायांना मरणाची भाषा अपशकुनी वाटते. कणगीत दाणे भरताना दुष्काळाचा अपशकुन होतो काय?

येत्या शनिवारी शाळेत आयांची सभा आहे. प्रत्येकीने आपले पासबुक आणावे. जिला वाचता येत नाही तिचे आम्ही वाचून दाखवू, आणि वारस म्हणून कोणाचे नाव घातले आहे तेही पाहू. पुरुषमंडळी आली तर त्यांनी मागच्या बाकावर बसावे.