जिवणी कुठवर?

गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी सलालाहच्या सहलीतला ‘ग्रेटर स्पॉटेड ईगल’ छापला होता. तो निघाला स्टेप ईगल! नाशिकहून बाबांचा फोन आला, “अरे, जिवणी बघितलीस का?” पिवळी जिवणी पार डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेलेली, ग्रेटर स्पॉटेडची डोळ्याच्या मध्यावरच थांबते. नाकपुडीही गोल नव्हे, लांबट. मी रंगावर गेलो होतो, आणि गरुडांचा रंग वयाप्रमाणे बदलतो, उन्हाने विटतो. हिवाळ्यात तिथे स्टेप ईगलच ढिगाने उतरतात, हेही विसरलो.

यंदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलंय. नवे फोटो पाठवले, तर म्हणाले, “मला धूसर दिसतंय. तूच सांग, जिवणी कुठवर आहे?”

झूम करून बघतोय. नेमकी मान वळलेली, डोळा सावलीत.